तार काढली, सावली राहिली

रशीद, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या गोदामात टेम्पोतून लोखंडी खाटा उतरवून घेत होतो. खोटं कशाला लिहू, पहिला विचार दुःखाचा नव्हता. पहिला विचार आला, की हा सुटला. चार वर्षं एक प्रश्न विचारत होतो, आणि उत्तर न देता सुटला. मग मी तिथंच एका खाटेच्या पट्टीवर बसलो. हमाल विचारत होता, "मालक, ह्या कुठं लावू?" त्याचे शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता.

प्रश्न तुला पाठ होता. माझ्या किल्लारीच्या फोटोतली विजेची तार तू कॉम्प्युटरवर पुसून काढलीस आणि भिंतीवर पडलेली तिची सावली तशीच ठेवलीस. ती सावली तू मुद्दाम ठेवलीस का?

दर वेळी तू एवढंच म्हणायचास, "राहून गेलं, यार."

माझा जन्म भाव करण्यात गेला. समोरचा जास्त बोलला की मला थोडी शंका येते, आणि कमी बोलला की पूर्ण येते. तुझं ते उत्तर मला एकदाही पटलं नाही.

आपल्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळानं या अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलंय. तुझा जन्म कधीचा, दुकान कधी काढलं, हे दुसरं कुणी लिहील. मी भांडणच लिहिणार. आपली दोस्ती जी काही होती ती भांडणातच होती.

लोकांना मी कायम सांगत आलो, की आपली ओळख लातूरला तुझ्या दुकानात झाली. ते खोटं आहे. ओळख झाली किल्लारीत, भूकंपानंतर काही दिवसांनी. अर्धापूरहून आमच्या लोकांनी केळीचा एक टेम्पो भरून पाठवला होता आणि त्याच्याबरोबर मी आलो होतो, बाविशीतला. गाव म्हणावं असं तिथं काही उरलं नव्हतं, नुसते दगड. एका लिंबाला पांढरी चादर बांधून तू तिच्यापुढं स्टूल ठेवलं होतंस. मदतीच्या कागदांना फोटो लागत होते. एकेक माणूस येऊन बसायचा, तू म्हणायचास, "बाबा, जरा वर बघा." कुणी वर बघत नव्हतं. तू दुसऱ्यांदा सांगत नव्हतास. तसाच खटका दाबत होतास.

तुझ्या गळ्यात दोन कॅमेरे होते. एक चालू होता, दुसरा नुसता लटकत होता. मला पोरवयापासून कॅमेऱ्याचं वेड, आणि घरात केळी सोडून काही नाही. मी जवळ जाऊन विचारलं, "हा दुसरा विकता का?" तू माझ्याकडं न बघता एक आकडा सांगितलास. मी सवयीनं अर्धा सांगितला. तू डोळ्यापुढचा कॅमेरा खाली घेतलास.

"कुठला रे तू?"

"अर्धापूरचा."

"नाव?"

"बालाजी."

"बालाजी, हितं भाव करून राहिला का रे तू?"

रांगेतली माणसं माझ्याकडं बघायला लागली. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग. तुझं नावही ठाऊक नव्हतं, पण तुझ्यावरचा राग त्या लिंबाखाली सुरू झाला.

महिन्याभरात मी तुला शोधत लातूरला आलो, गंजगोलाईच्या मागच्या बोळात. तीन चहा होईपर्यंत घासाघीस करून तोच कॅमेरा घेतला. देताना तू म्हणालास, "मीटर मेलंय त्याचं. उजेड डोळ्यानं मापायचा." मला वाटलं, मीटर यानंच काढून ठेवलं असणार. खाली उतरून मी कॅमेऱ्याचं बूड उघडून बघितलं. तू वरून खिडकीतून बघत होतास. "सापडलं का, बालासेठ?" असं ओरडलास. त्या दिवशी मला सेठ म्हणणारा तू जगातला एकटा माणूस होतास. मी सायकल पण दुसऱ्याची चालवत होतो.

मग लातूरला शिकवणीचे दिवस आले, मागोमाग नांदेडला. खेड्यापाड्यातनं पोरं यायला लागली, सोबत पत्र्याची पेटी आणि बाप. गल्लीत जो तो घरावर एक मजला चढवून खोल्या भाड्यानं द्यायला लागला. खोलीला खाट लागते, टेबल लागतं, कूलर लागतो. मी जुन्या खाटा घ्यायचो, गंज घासायचो, रंग मारायचो, विकायचो. तू त्याच पोरांचे अर्जाचे फोटो काढायचास, आणि निकाल लागला की क्लासवाल्यांचे बॅनर करायचास. गुणवंतांच्या मुंडक्यांच्या ओळी, मागं उगवता सूर्य. आपल्या दोघांची घरं त्या पोरांनी चालवली. तू ते मान्य करायचास, मी नाही करायचो. मी म्हणायचो, माझं घर माझ्या अकलेनं चाललं.

तुझ्याकडं कॉम्प्युटर आला त्या वर्षी तू मला मुद्दाम बोलावून घेतलंस. फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर तू हैदराबादहून एका सीडीवर आणलं होतंस, कॉपीची कॉपी. चालू करताना बिस्मिल्ला म्हणायचास, कारण दर तिसऱ्या वेळी ते अडकायचं. तू एका लग्नाचा फोटो उघडलास. नवऱ्यामुलाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसत होता. तू शेजारचं आभाळ उचललंस आणि खांबावर फासत गेलास. खांब गेला. 

मी म्हणालो, "म्हणजे आता कशावरच विश्वास ठेवायचा नाही."

तू म्हणालास, "आधी ठेवत होतास का?"

तिथून आपलं मोठं भांडण सुरू झालं आणि वीस वर्षं चाललं. माझं म्हणणं एकच होतं, फोटो जसा निघाला तसा. उजेड कमीजास्त करा, कडा कापा, पण जे होतं ते काढायचं नाही आणि नव्हतं ते घालायचं नाही. तू म्हणायचास, "फोटो हाय का पंचनामा हाय? खांब काय कुणी बघायला लावला होता? माणसानं डोळ्यानं नवरामुलगा बघितला, खांब बघितलाच न्हाई. मग मी पण न्हाई दाखवला."

"ते बेइमानी आहे."

"आणि तू गंजलेल्या खाटेला चॉकलेटी रंग मारून विकतो ते?"

"गिऱ्हाइकाला कळतं, खाट जुनी आहे."

"हाव? कळतं? बोलाव एखाद्याला, विचारू."

 हरायला लागलो की माझा आवाज चढतो. गल्लीतली माणसं दारात यायची. तुझी मुलगी नसरीन तेव्हा शाळेत होती. ती आतून म्हणायची, "अब्बा, काका आले वाटतं."

मी स्वतः सॉफ्टवेअर शिकलो नाही. हट्टानं. पुढं ते सीडीवर मिळायचं बंद झालं आणि दर महिन्याला भाडं भरायची पद्धत आली, तेव्हा मला खात्रीच झाली की ही लुटालूट आहे. हातोडा एकदा घेतला की घेतला, तो दर महिन्याला हप्ता मागत नाही. तुझ्या दुकानातून मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला आणि भाव कमी करायला सांगितला. पलीकडून एक बाई हिंदीत सांगत होती की दर ठरलेला आहे. मी म्हणालो, बाई, ठरलेला दर असं काही नसतं, तुमच्या मालकाला फोन द्या. तू टेबलाखाली तोंड घालून हसत होतास. आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगितलंस.

आता लेन्सचं.

एके दिवशी तू नांदेडला आलास. एसटीनं आलास, हे मला खटकलं, कारण तू कायम स्कूटर दामटायचास. पिशवीतून तू तुझी पंच्याऐंशी एमएमची लेन्स काढलीस. ती लेन्स तू कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. चेहरे काढावेत तर तिनंच. म्हणालास, "ठेवून घे. जे द्यायचं ते दे."

माझ्या धंद्यात माल स्वतःहून चालत आला तर त्याच्याकडं दोनदा बघतात. मी ती उलटीसुलटी केली. बॅटरी लावून आत बुरशी आहे का बघितलं. भाव पाडून बोललो. तू हो म्हणालास. लगेच. तेव्हा तर माझी खात्री झाली, की यात काहीतरी खोट आहे. दुसऱ्या आठवड्यात हैदराबादच्या कारागिराकडं नेली. त्यानं बघितली आणि विचारलं, "ये बेची किसने? ऐसा पीस कोई बेचता है क्या?" तरी माझं समाधान झालं नाही. एवढा चांगला माल एवढ्यात देतो म्हणजे याचं काहीतरी वेगळं चाललंय, असं मी मनात धरून ठेवलं. काय चाललंय, ते तुला सरळ विचारावं असं मला सुचलं नाही. मला माणसाला सरळ विचारता येत नाही. मी माल तपासतो.

त्याच लेन्सनं मी तो फोटो काढला.

नव्या किल्लारीत गेलो होतो, एका शाळेच्या वसतिगृहाच्या खाटांची चौकशी होती म्हणून. पहाटेच पोचलो. नवी घरं ओळीत, सगळी सारखी, भूकंपात पडणार नाहीत अशी बांधलेली. आणि एका ओळीत घरांपुढं झोपायच्या बाजा टाकलेल्या. भूकंपाला कितीतरी वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं बाहेर झोपत होती. सूर्य नुकता वर आलेला. एक आजी उठली, वाकळ घडी केली, आणि घरात शिरायच्या आधी तिनं भिंतीला तळहात टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग आत गेली. नंतर मी शेजारच्याला विचारलं तर तो म्हणाला, "रोजचं हाय ते. भिंत शांत हाय का बघती."

तो तळहात मला मिळाला. आयुष्यात एकच खरा फोटो मिळाला, तो हा. तिथून निघालो तो सरळ तुझ्याकडं आलो. क्लासचा निकाल त्याच आठवड्यात लागला होता, तुझ्याकडं बॅनरची झुंबड होती. नसरीन दिसली नाही, तू एकटाच होतास. कॅमेऱ्यातलं कार्ड हातात देऊन मी सांगितलं, "हा स्पर्धेला द्यायचाय. उजेड नीट कर. बाकी बोट लावू नको."

तू कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बराच वेळ बघत होतास. मग म्हणालास, "किल्लारीचा फोटो स्पर्धेत लावू नको, बालासेठ."

"का?"

"उगाच. नको वाटतं."

हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढं तेच माझा पुरावा झालं.

दोन दिवसांनी मोठी प्रिंट हातात आली. आभाळ स्वच्छ, भिंत पांढरी, आजीचा हात. मला वाटलं, उजेड काय छान काढलाय. फोटो काढताना आभाळात आडवी तार होती, हे माझ्या लक्षातही नव्हतं. तार गेली हेही लक्षात आलं नाही. माल तपासणारा मी!

नांदेडच्या सभागृहात फोटो लागला. माणसं थांबून बघत होती, मी शेजारी उभा. बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी चष्मा वर केला आणि भिंतीवर बोट ठेवलं. "ही तिरपी बारीक रेघ तारेची सावली आहे. तार कुठाय?"

मागं कुणीतरी हसलं.

परीक्षकांनी कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागितली. मी सभागृहाच्या पायरीवरून तुला फोन केला. तू म्हणालास, ती पुसली. निकालाच्या घाईत कार्ड रिकामं करून गुणवंतांचे फोटो काढायला वापरलं. तुम्हा स्टुडिओवाल्यांत तशी रीतच होती, लग्नाचा अल्बम झाला की मूळ फाइली पुसायच्या, नाहीतर डिस्क भरते. मला ती रीत ठाऊक नव्हती. मी बाद झालो. फोटो उतरवला. भिंतीवर खिळा राहिला आणि मी खिळ्याशेजारी उभा.

त्या फोनवरच मी विचारलं होतं, "तार का काढलीस? मी सांगितलं होतं ना, बोट लावू नको?"

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणाला असतास. म्हणून विचारलं न्हाई."

"आणि सावली?"

"राहून गेलं, यार."

तुझ्याकडून सावली राहून जाईल? नवरीच्या हनुवटीखालची, टोपीच्या कडेची, कानामागची सावली दुरुस्त करण्यात ज्याचे केस पिकले, त्याच्याकडून? मी त्याच पायरीवरून मंडळाच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, की रशीदनं हे मुद्दाम केलं. त्याला किल्लारी आपली वाटते. मी तिथं भाव केला ते त्यानं अजून पोटात ठेवलंय. ठरवून मला चारचौघांत उघडं पाडलं. मंडळातल्या काहींनी नंतर तुला काम द्यायचं बंद केलं. मला ते दिसत होतं. मी कुणाला थांबवलं नाही.

आणि तरी मी तुझ्याकडं येत राहिलो. महिन्यातून एकदा तरी. चहा प्यायचो, प्रश्न विचारायचो, चिडून निघून जायचो. तू दर वेळी खाली रस्त्यापर्यंत सोडायला यायचास, जिन्याच्या कठड्याला धरून. मला वाटायचं, मनात चोर आहे म्हणून एवढा मान देतो.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या विधीला, मी लातूरला आलो. माणसं जेवून पांगली होती. भाभी नवऱ्यामागच्या इद्दतीत, कुणासमोर न येता, आतल्या खोलीत, पडद्यामागं. नसरीन बाहेर आली. तिशीची झाली रे ती. मला म्हणाली, "काका, अब्बांची लेन्स नीट चालते का?"

"चालते."

"ती तुम्हाला देऊन आले तेव्हा म्हणाले होते, बालासेठचे डोळे चांगलेत, त्याच्याकडं राहू दे."

मी विचारलं, "आणि त्याच्या डोळ्यांना काय झालं होतं?"

ती म्हणाली, "तुम्हाला म्हाईत न्हाई?"

साखर, रशीद. डावा डोळा आधीच गेला होता, उजव्यावर धुकं. सोलापूरला जाऊन डोळ्यात सुया घेत होतास. नसरीन सांगत होती आणि माझ्यापुढं एकेक गोष्ट उलटी होत होती. स्कूटर. जिन्याचा कठडा. पडद्याला नाक. दोन प्रिंटा पुढं ठेवून "कंची जास्त साफ वाटते रे?" असं तू विचारायचास, आणि मला वाटायचं माझी परीक्षा घेतो.

"मग एवढी वर्षं बॅनर कुणी केले?"

"मीच. ते शेजारी बसायचे, सांगायचे. मी माउस धरायची."

"आणि माझा फोटो?"

"त्या महिन्यात मी उदगीरला होते. नानीचं हाड मोडलं होतं. तुमचा फोटो त्यांनी एकट्यानं केला. आभाळातली काळी तार दिसली असंल त्यांना. भिंतीवरची फिकी सावली न्हाई दिसली."

आता मी काय म्हणालो ते लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. मी म्हणालो, "बघू." तुझ्या मयतीच्या घरात, तुझ्या मुलीला, बघू म्हणालो. मला वाटलं, बापाचं नाव धुऊन काढायला पोरगी गोष्ट रचते आहे. मी तिला कॉम्प्युटर उघडायला लावला. ती रागावली नाही. घराच्याच पुढच्या खोलीतल्या दुकानात नेलं, खुर्ची पुढं सरकवली. तिची बोटं कीबोर्डच्या पाटीवर तुझ्यासारखीच धावत होती, खाली न बघता.

"त्या महिन्यातले बॅनर दाखव. तू नव्हतीस तेव्हाचे."

तिनं उघडले. मी चष्मा लावला आणि खाटेचे जोड तपासतो तसा एकेक चेहरा तपासला. एका मुलीचा अर्धा कान कापलेला. एकाच्या गळ्याभोवती जुन्या भिंतीचा हिरवा काठ राहिलेला. आणि एक मुलगा, कुठल्यातरी घरच्या फोटोतून कापून घेतलेला. त्याच्या खांद्यावर चार बोटं होती. शेजारचा माणूस पुसला होता, बोटं राहिली होती. हसऱ्या पोराच्या खांद्यावर कुणाचीच नसलेली चार बोटं.

तो बॅनर मी ओळखला. वर्षभर चौकात होता. त्याच्या खाली टेम्पो लावून मी खाटा उतरवल्या आहेत. चहा प्यायलोय त्याच्याकडं तोंड करून.

"कुणी तक्रार न्हाई केली?" मी विचारलं.

"लोक मार्क बघतात, काका."

मी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणालो, "मला सांगितलं का नाही त्यानं? चार वर्षं मी त्याला चोर म्हणून राहिलोय."

"मी म्हटलं होतं त्यांना, सांगून टाका काकांना. ते म्हणाले, बेइमान म्हणतोय तर म्हणू दे. आंधळा म्हणाला तर दुकान बसंल."

बरोबर होतं तुझं. एवढं मला मान्य करावं लागेल. तू सांगितलं असतंस तर मी दोन दिवस हळहळलो असतो, तिसऱ्या दिवशी नांदेडात कुणाला तरी म्हणालो असतो, बिचाऱ्या रशीदला दिसत नाही. मायेनंच म्हणालो असतो. महिन्याभरात क्लासवाल्यांपर्यंत गेलं असतं. तू मला माझ्यापेक्षा नीट तपासलं होतंस. म्हणून जी शिवी तुला परवडत होती ती तू माझ्याकडून खाल्लीस, चार वर्षं, वर चहा पाजून.

तुला मी काय म्हणू? उपकार म्हणावे तर तू माझ्यावर नाही, दुकानावर केलेस. चूक म्हणावी तर कुणाची? मला अजून राग येतो. रात्रंदिवस मी लोकांच्या मालात खोट शोधली आणि माझ्या एका दोस्ताला दिसत नव्हतं एवढं मला दिसलं नाही. आणि त्याहून जास्त राग याचा येतो की तू माझा भरवसा धरला नाहीस, आणि तो न धरण्यात तू चुकला नाहीस.

मी नसरीनला म्हणालो, "मंडळाच्या अंकात मी लिहीन. ज्यांच्यासमोर बोललो त्यांना कळू दे. पण मग डोळ्यांचंही लिहावं लागेल. तू म्हणशील तर लिहितो, नाहीतर नाही."

 निकाल जवळ आलेत. उस्ताद गेला म्हणून दोन क्लासवाल्यांनी काम दुसरीकडं दिलंय, हे तिनं मघाशीच सांगितलं होतं. तिनं आत पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लिहा. पण पुरं लिहा. ह्या वर्षांचं सगळं काम माझ्या हातचं हाय, हे पण लिहा."

तर लिहितो. मंडळातल्या लोकांनो, रशीदनं ती सावली मुद्दाम ठेवली नव्हती. त्याला ती दिसली नव्हती. त्या पायरीवर मी जे बोललो ते खोटं होतं, आणि मी ते तुम्हाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोललो होतो. हेही तेवढ्याच मोठ्यानं वाचा. आणि लातूरच्या चौकातले मागच्या काही वर्षांतले जे बॅनर तुम्ही उस्तादाचे म्हणून नावाजले, ते नसरीनचे आहेत. दुकान चालू आहे.

उठताना नसरीननं विचारलं, "अब्बांना माफ केलं ना, काका?"

"सावलीचं माफ केलं. तारेचं नाही. बोट लावू नको म्हणून सांगितलं होतं मी त्याला."

ती काही बोलायच्या आत पडद्यामागून आवाज आला, तीन दिवस कुणाशी धड न बोललेल्या भाभीचा. "तार घाणच दिसून राहिली होती, बालाजीभाऊ. मी बी काढली असती."

"भाभी, ती तार तिथं होती!"

"हाव, होती. म्हणून काय झालं? म्हातारी तारीकडं बघत होती का?"

"प्रश्न म्हातारीचा नाही! जे आहे ते आहे!"

"मी पण काढली असती," नसरीन म्हणाली. "फक्त सावलीसकट."

माझा आवाज चढला. शेजारच्या घरातली एक बाई दारात येऊन उभी राहिली, या घरात आज कोण भांडतंय म्हणून बघायला. मी खाली बसलो आणि म्हणालो, ऐका, मी पहिल्यापासून समजावून सांगतो.